लहान व्लॉगिंग कॅमेरा : कोणाच्या कामाचा, कोणाच्या नाही?

कर्जत, नेरळ, चौक आणि खोपोलीच्या बाजारपेठांतील लहान दुकानदारापुढे आज एक नवा प्रश्न उभा आहे. पूर्वी ग्राहक दुकानात येई, गादीवर बसे, आणि आपण ठाण उलगडून दाखवत असू. आता ग्राहक आधी मोबाइलवर माल पाहतो आणि मगच घराबाहेर पडतो. जो दाखवत नाही, त्याच्या दुकानावरून तो लोकलने सरळ कल्याण-उल्हासनगरला किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटला निघून जातो. म्हणून कापडवाले, चप्पलवाले, अत्तरवाले, फर्निचरवाले, शिवणकाम आणि जरीकाम करणारे कारागीर, सर्वजण व्हिडिओकडे वळले आहेत. त्यांच्या कानी वारंवार एक नाव पडते, ते म्हणजे ‘व्लॉगिंग कॅमेरा’.

व्लॉग म्हणजे स्वतः समोर उभे राहून, बोलत आणि दाखवत केलेला छोटा व्हिडिओ. त्यासाठी खास बनविलेला, खिशात मावणारा कॅमेरा तो व्लॉगिंग कॅमेरा. त्याला अर्धा लाख रुपये किंवा त्याहूनही अधिक पडतात. लहान दुकानाची एका हंगामाची बचत त्यात जाऊ शकते. हा कॅमेरा चांगला की वाईट, असे विचारून उपयोग नाही. तो कोणाच्या कामाचा आहे आणि कोणाच्या नाही, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नॅरोगेजचा धडा

आपल्याच तालुक्यात याचे उत्तम उदाहरण आहे. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी सर्वांनी पाहिली आहे. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधला आणि १९०७ साली तो सुरू झाला. त्यावर त्या काळात सुमारे १६ लाख रुपये खर्च झाले. खाली मुंबई-पुण्याच्या मुख्य मार्गावर रुळांमधील अंतर साडेपाच फूट आहे, तर माथेरानच्या मार्गावर केवळ दोन फूट. या गाडीत माणसे कमी मावतात, वेग कमी असतो आणि डबे अरुंद असतात. पण रूळ अरुंद ठेवले म्हणूनच ती डोंगराच्या अंगाला चिकटून तीव्र वळणे घेत वर चढते. साडेपाच फुटी रूळ तेथे घालायचे तर डोंगरच फोडावा लागला असता.

म्हणजे जे कमी केले, ते कामाच्या गरजेप्रमाणे कमी केले. यालाच तडजोड म्हणतात. पण हीच गाडी मुंबई-पुणे मार्गावर आणली तर ती निरुपयोगी ठरेल. लहान कॅमेऱ्याचा न्याय हाच आहे. त्यात काय नाही याची यादी वाचून नाक मुरडू नये आणि काय आहे याची जाहिरात वाचून भुलू नये. आपला रस्ता डोंगराचा की सपाटीचा, हे आधी ठरवावे.

काय काढले, काय घातले

उदाहरणासाठी सोनी कंपनीचा झेडव्ही-१ घेऊ. तो २०२० साली आला आणि या जातीच्या कॅमेऱ्यांचा नमुना ठरला. त्याच्या आधी याच कंपनीची आरएक्स-१०० ही खिशातल्या कॅमेऱ्यांची मालिका होती. तिचा २०१९ सालचा सातवा अवतार सर्वगुणसंपन्न मानला जाई. त्यात डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी म्हणजे व्ह्यूफाइंडर होता, वर उघडणारा फ्लॅश होता आणि २४ ते २०० मिलिमीटरचा लांब झूम होता.

झेडव्ही-१ मध्ये व्ह्यूफाइंडर काढला, फ्लॅश काढला आणि झूम २४ ते ७० वर आणला. त्याबदली चार गोष्टी दिल्या. एक, पडदा बाजूला उघडून पुढे वळतो, त्यामुळे बोलणाऱ्याला स्वतःचे चित्र दिसते. दोन, वर तीन भागांचा मायक्रोफोन आणि वाऱ्याचा आवाज अडविणारी केसाळ टोपी मिळते. तीन, लेन्सचे तोंड मोठे उघडत असल्याने कमी उजेडात काम भागते आणि मागचा पसारा पुसट होतो. चार, ‘प्रॉडक्ट शोकेस’ नावाची सोय. माणूस बोलत असताना त्याने वस्तू पुढे धरली की कॅमेरा चेहरा सोडून तत्काळ वस्तूवर स्थिर होतो. वस्तू खाली घेतली की पुन्हा चेहऱ्यावर येतो.

चित्र टिपणारा भाग म्हणजे सेन्सर. या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे १३.२ × ८.८ मिलिमीटर आहे. बहुतेक मोबाइलपेक्षा तो मोठा आहे. मात्र लग्नसमारंभाचे फोटोग्राफर वापरतात त्या ३६ × २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ साधारण सातव्या हिश्शाइतके भरते. उजेड कमी झाला की हा फरक जाणवतो.

एका घरातील भावंडे

पुढे याच घरात आणखी दोन भावंडे आली. त्यांची कथा बोधप्रद आहे. झेडव्ही-१ हातात धरून चालताना चित्र हलू नये म्हणून जी सोय आहे, ती चित्राच्या कडा कापते. परिणामी हात लांब करून धरला तरी चेहराच चित्रभर होतो आणि मागचे दुकान दिसत नाही. या तक्रारीवर दोन उपाय निघाले.

२०२२ साली झेडव्ही-१ एफ आला. त्यात २० मिलिमीटरची एकच स्थिर लेन्स दिली. चित्रात पसारा जास्त मावतो, किंमतही कमी. पण झूम गेला, उन्हात उजेड कमी करणारे आतील काळे गाळणे म्हणजे एनडी फिल्टर गेले आणि फोकस साधण्याची जलद पद्धतही गेली. २०२३ साली झेडव्ही-१ चा दुसरा अवतार आला. त्यात १८ ते ५० चा झूम आहे, गाळणे आहे, पण लेन्सच्या आत हात स्थिर करणारी यंत्रणा नाही. हलणे थांबविण्याचे काम केवळ कडा कापून होते. २०२५ साली कॅनन कंपनीने पॉवरशॉट व्ही-१ आणला. त्यात सेन्सर मोठा आहे, लेन्स १६ ते ५० ची आहे आणि जास्त वेळ व्हिडिओ घेताना कॅमेरा तापू नये म्हणून आत चक्क पंखा बसविला आहे. साहजिकच तो जाड आणि जड झाला. व्ह्यूफाइंडर आणि फ्लॅश त्यातही नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितका जास्त पसारा चित्रात मावतो. आकडा जितका मोठा, तितके थोडे आणि जवळचे दिसते. १८ ची लेन्स सुमारे १०० अंशांचा पसारा घेते, २४ ची ८४ अंशांचा, तर ७० ची केवळ ३४ अंशांचा. कोणत्या भावंडाला घरी आणायचे, हे बरेचसे या एका आकड्यावर ठरते.

दुकानदार

कापड, बुरखा, चप्पल, भांडी, अत्तर विकणारा दुकानदार एका जागी बसून माल दाखवतो. त्याला लांबचा झूम लागत नाही, फ्लॅश लागत नाही, खिडकीत डोळा घालायचा नसतो. ज्या वस्तू काढल्या त्या त्याला नकोच होत्या, आणि ज्या घातल्या त्या नेमक्या हव्या होत्या. या वर्गासाठी ही तडजोड फायद्याची आहे.

पण कापड हा कॅमेऱ्याला फसविणारा माल आहे. त्याची चार पथ्ये सांगतो.

पहिले पथ्य काळ्या-पांढऱ्याचे. कॅमेऱ्याला कोणते कापड काळे हे कळत नाही. चित्रात काळे जास्त दिसले की तो उजेड वाढवतो आणि काळा नीदा किंवा क्रेप करडा दिसू लागतो. पांढरी मलमल दाखवली की उजेड कमी करतो आणि ती मळकट दिसते. म्हणून काळ्या मालाला उजेडाचा आकडा एक पायरी खाली आणि पांढऱ्या मालाला एक पायरी वर करावा.

दुसरे पथ्य रंगाचे. ट्यूबलाइट, पिवळा दिवा आणि दरवाजातून येणारे ऊन यांचे मिश्रण असेल तर एकही रंग खरा उतरत नाही. एकाच प्रकारचा उजेड ठेवावा. मालाच्या जागी पांढरा कागद धरून कॅमेऱ्याला ‘हे पांढरे’ असे शिकवावे, मग माल दाखवावा. गडद लाल आणि राणी रंगात विणकाम पुसले जाते. तेथे उजेड थोडा कमी केला की धागा परत दिसू लागतो.

तिसरे पथ्य ट्यूबलाइटचे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि साध्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेरा अमेरिकी पद्धतीवर असेल तर चित्रावर पट्टे सरकताना दिसू शकतात. सेटिंगमध्ये पाल पद्धत निवडावी आणि शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवावे.

चौथे पथ्य बारीक चौकडी आणि रेघांचे. शर्टिंगच्या बारीक चौकडीवर चित्रात पाण्यासारख्या लहरी, कधी इंद्रधनुषी पट्टे दिसतात. कापडात असे काही नसते. कापडाचे धागे आणि सेन्सरच्या बारीक खणांच्या ओळी एकमेकींवर पडून हा भास होतो. याला मुआरे म्हणतात. हा शब्द कापडाच्या बाजारातूनच आला आहे. लहरदार रेशमाला फ्रेंच लोक मुआर म्हणत, त्यांनी तो ‘मोहेर’ या कापडाच्या नावावरून घेतला, आणि मोहेर हा आपल्या अरबी ‘मुखय्यर’ म्हणजे निवडक या शब्दाचा अपभ्रंश. लहरी दिसल्या तर कॅमेरा थोडा पुढे-मागे करावा किंवा कापड किंचित तिरके धरावे. तरीही हटल्या नाहीत तर त्या कॅमेऱ्याच्या आहेत, मालाच्या नाहीत, असे व्हिडिओत बोलून सांगावे.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. झेडव्ही-१ ला कानात ऐकण्याची वायर लावण्याची जागा नाही, त्यामुळे आवाज कसा येतो आहे हे चालू असताना कळत नाही. आधी दहा सेकंदांचा नमुना घेऊन ऐकावा. छताचा पंखा बंद करावा.

कारागीर

सुतार, शिंपी, जरीकाम करणारे, नक्षीकाम करणारे यांचे काम वेगळे. त्यांच्या मालाची किंमत त्याच्या आकारात आणि बारकाव्यात असते. पसरट लेन्स जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान करते. २० च्या लेन्सने जवळून खुर्ची घेतली तर पुढचे पाय हत्तीचे आणि पाठ चिमणीची दिसते. कुर्त्याचा घेर नसतो तेवढा दिसतो. ग्राहक माल हातात घेऊन म्हणतो, दाखवले होते हे नाही.

म्हणून कारागिराने स्थिर पसरट लेन्सचा स्वस्त कॅमेरा घेऊ नये. झूम असलेला घ्यावा, तो ७० च्या बाजूला न्यावा आणि दोन-तीन पावले मागे सरकून चित्र घ्यावे. आकार खरा येतो. जरीचा टाका जवळून दाखवायचा तर झेडव्ही-१ पसरट बाजूला सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. ७० च्या बाजूला मात्र सुमारे ३० सेंटिमीटरचे अंतर लागते. आकारासाठी एक चित्र आणि टाक्यासाठी दुसरे, अशी सवय लावावी.

लग्नाचे फोटोग्राफर

कर्जत परिसरातील फार्महाउसांवर आता मोठमोठी लग्ने होतात. त्यामुळे आपल्या अनेक तरुणांना फोटोग्राफीची रोजी मिळाली आहे. त्यांपैकी काही विचारतात, मोठा कॅमेरा घेण्याऐवजी हा लहान घेऊन सुरुवात करावी का?

उत्तर स्पष्ट आहे : मुख्य कॅमेरा म्हणून घेऊ नये. दुकानदाराचा व्हिडिओ बिघडला तर तो उद्या पुन्हा घेता येतो. निकाहचा ईजाब-कबूल पुन्हा होत नाही. रात्रीच्या मांडवात लहान सेन्सर दाणेदार चित्र देतो. फ्लॅश अंगभूत नाही. मंच लांब असेल तर झूम तेथवर पोहोचत नाही. झेडव्ही-१ मध्ये मेमरी कार्डाचा एकच खण आहे. ते कार्ड बिघडले तर दुसरी प्रत नाही. एका बॅटरीवर थांबत-थांबत व्हिडिओ घेतल्यास पाऊण तासाच्या आसपास चालतो. दुसऱ्याच्या घरची एकमेव आठवण अशा साधनावर टाकणे म्हणजे अमानतीशी खेळ आहे.

दुय्यम कॅमेरा म्हणून मात्र तो चालतो. पाहुण्यांचे आगमन, जेवणाची तयारी, मांडवाची सजावट असे छोटे तुकडे तो छान घेतो. पण या कामासाठी हल्लीचा चांगला मोबाइलही पुरतो. तेव्हा हातात असलेले पैसे आधी मोठ्या कॅमेऱ्याच्या चांगल्या लेन्सवर खर्च करावेत.

डोंगर, धबधबे आणि पाऊस

माथेरानच्या पॉइंटांवर पर्यटकांचे फोटो काढणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. भर उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, तेथे व्ह्यूफाइंडरच लागतो. त्यांच्यासाठी हा कॅमेरा गैरसोयीचा आहे. पक्षी टिपणाऱ्या हौशी माणसालाही ७० चा झूम कामाचा नाही.

धबधब्याचे चित्र घेणाऱ्याचा हिशेब मात्र उलटा निघतो. भिवपुरीचा किंवा खोपोलीचा झेनिथ धबधबा रेशमासारखा दिसावा असे वाटत असेल तर शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते आणि त्यासाठी उजेड कमी करावा लागतो. झेडव्ही-१ मधील गाळणे उजेड एक अष्टमांशावर आणते. मोठ्या कॅमेऱ्याला असे गाळणे वेगळे विकत घ्यावे लागते. व्हिडिओसाठी दिलेली सोय अशी स्थिर चित्र घेणाऱ्याच्या कामी येते. तिवई मात्र हवीच.

परंतु या जातीचे कॅमेरे पावसात भिजण्यासाठी बनविलेले नाहीत. आपल्या भागातला पाऊस सर्वांना ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. बदलता येणारी लेन्स निदान बाजूला काढता येते. येथे लेन्स अंगाला जोडलेली असल्याने सगळा कॅमेराच उघडावा लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा त्यात ठेवावा. कपाटात कापडाच्या पिशवीत ठेवू नये.

खर्चाचा हिशेब

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. समजा, कॅमेरा ५९,००० रुपयांना पडला. कॅमेऱ्यांवर १ जानेवारी २०१९ पासून २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे त्यात ५०,००० मूळ किंमत आणि ९,००० कर झाला. ज्याची जीएसटीची नियमित नोंदणी आहे आणि जो कॅमेरा दुकानाच्या कामासाठी घेतो, त्याने बिलावर आपला नंबर घालून घ्यावा. हे ९,००० त्याला विक्रीवरील करातून वजा करता येतात. पण मग या ९,००० वर आयकरात घसारा मागू नये. कॉम्पोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही वजावट मिळत नाही.

जादा बॅटरी, कार्ड, तिवई, दिवा यांचे १३,००० धरू. एकूण ७२,००० झाले. तीन वर्षे कॅमेरा चालेल असे धरले तर महिन्याला २,००० रुपये पडतात. एका ड्रेसपीसमागे २०० रुपये निव्वळ नफा असेल, तर केवळ व्हिडिओमुळे दरमहा १० नग जास्त विकले गेले पाहिजेत, तेव्हा कोठे बरोबरी होईल. अकराव्या नगापासून फायदा. हा आकडा प्रत्येकाने आपल्या धंद्याप्रमाणे मांडावा. आठवड्याला एक व्हिडिओ करण्याची फुरसत नसेल तर हा आकडा जमणार नाही.

म्हणून पहिले तीन महिने मोबाइलवर काम करावे. एक चांगला दिवा, एक कॉलरचा मायक्रोफोन आणि एक तिवई एवढेच घ्यावे. तेवढ्याने विक्री वाढली तर कॅमेऱ्याची गरज सिद्ध झाली. नाही वाढली, तर कॅमेरा घेऊनही वाढणार नाही.

हप्त्यांबाबत सावध राहावे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या नावाखाली बहुधा बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देतो. कागदावर व्याज असतेच आणि त्या व्याजावर जीएसटीही लागतो. सूदपासून दूर राहू पाहणाऱ्याने कागद वाचल्याशिवाय सही करू नये. बिनव्याजी, बिनलिलावाच्या भिशीतून रक्कम उभी करता येते. त्याहून बरे म्हणजे एका बाजारातील तीन दुकानदारांनी मिळून एक कॅमेरा घ्यावा. आठवड्याला प्रत्येकाला दोन तासच लागतात. मात्र कोणाचे किती पैसे, कोणाचा कोणता वार, बिघाड झाला तर खर्च कोणाचा, हे लिहून काढावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. भागीदारीतही तीच सवय भांडणे टाळते.

ग्राहकाचा डोळा

शेवटी मुख्य मुद्दा. दुकानात ग्राहक कापड चुरगाळून पाहतो, उजेडात नेऊन पाहतो. व्हिडिओत त्याचा डोळा आपण आपल्या हाती घेतलेला असतो. म्हणून कॅमेऱ्याची प्रत्येक सोय एका कसोटीवर घासावी : याने माल खरा दिसतो की बरा दिसतो?

हदीसमध्ये प्रसंग आहे की, हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले आणि फसवणुकीबद्दल कडक ताकीद मिळाली. मागचा भाग पुसट करण्याची सोय ठाणावरचा डाग लपविण्यासाठी वापरली, किंवा रंग भडक करण्याची सोय फिका माल ताजा दाखविण्यासाठी वापरली, तर ते ओले धान्य खाली ठेवण्यासारखेच आहे. डाग असेल तर कॅमेरा त्यावर न्यावा आणि भाव कमी सांगावा.

हनफी फिक्हमध्ये ‘खियार-ए-रूयत’ नावाचा हक्क आहे. न पाहता घेतलेला माल प्रत्यक्ष पाहिल्यावर ठेवावा की परत करावा, हे ठरविण्याचा तो ग्राहकाचा अधिकार. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत आणि तेथे न पाहिलेल्या नेमक्या वस्तूच्या विक्रीबाबत भूमिका अधिक कडक आहे. ज्यांची विक्री व्हिडिओवर चालते, त्यांनी आपल्या आलिमांना विचारून पद्धत ठरवावी. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या खऱ्या गुणांशी जुळली पाहिजे, आणि न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही.

आणखी दोन सूचना. दुकानात स्त्री-ग्राहक असताना व्हिडिओ घेऊ नये. मागचा भाग पुसट झाला तरी माणूस ओळखू येतो. दुकान उघडण्यापूर्वीचा तास यासाठी राखावा. दुसरे, सजीवांच्या छायाचित्राबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, पण मालाच्या छायाचित्राबद्दल नाहीत. ज्याला शंका वाटते त्याने चेहरा न दाखवता केवळ हात, माल आणि आवाज यांवर व्हिडिओ करावा. त्यानेही विक्री होते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. मी एका जागी बसून माल दाखवणार आहे काय? असल्यास हा कॅमेरा विचारात घ्यावा.

२. मालाचा आकार महत्त्वाचा आहे काय? असल्यास झूम नसलेला कॅमेरा घेऊ नये.

३. ज्या प्रसंगाचे चित्र घ्यायचे तो पुन्हा घडणार आहे काय? नसल्यास हा मुख्य कॅमेरा नव्हे.

४. काम भर उन्हात, पावसात किंवा लांबून आहे काय? असल्यास दुसरा पर्याय पाहावा.

५. तीन महिने मोबाइलवर नियमाने काम करून पाहिले काय? नसल्यास थांबावे.

६. दुकानातून घेताना आपल्या मालाचा एक काळा, एक लाल आणि एक बारीक चौकडीचा तुकडा बरोबर न्यावा, तेथेच चित्रित करून पाहावा, आणि भारतातील वॉरंटीचे पक्के बिल घ्यावे.

मुखय्यर, इख्तियार आणि खियार हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. निवड हा त्यांचा अर्थ. कॅमेरा निवडण्याचा इख्तियार आपल्या हाती आहे, तसाच माल निवडण्याचा ग्राहकाच्या हाती. आपल्या कॅमेऱ्याने त्याची निवड सोपी केली तर गल्ल्यात बरकत येईल, आणि त्याने व्हिडिओत जे पाहिले तेच त्याच्या घरी पोहोचले तर तो पुढच्या ईदला कल्याणची लोकल पकडणार नाही.